साखरझोप आणि सातचा तास

महाराष्ट्र शासनाने फेब्रुवारी २०२४ मध्ये एक निर्णय जाहीर केला. पूर्वप्राथमिकपासून चौथीपर्यंतचे वर्ग सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा. त्याच्या दोनच महिने आधी, डिसेंबर २०२३ मध्ये, तत्कालीन राज्यपाल रमेश बैस यांनी मुलांची झोप पुरी होत नाही, तेव्हा शाळांच्या वेळांचा फेरविचार व्हावा, असे जाहीरपणे म्हटले होते. निर्णयावर अपेक्षेप्रमाणे चर्चा झाली. बसवाल्यांनी रहदारीचे गणित मांडले, दोन सत्रांत शाळा चालवणाऱ्या संस्थांनी खोल्यांचे गणित मांडले, आणि नोकरदार आईवडिलांनी मूल नऊपर्यंत कोणाच्या भरवशावर ठेवायचे, हा रास्त प्रश्न विचारला.

आमचा या निर्णयाशी वाद नाही. झोपेचा विचार करून शासन घड्याळाला हात लावते, हीच गोष्ट आम्हांला अपूर्वाईची वाटते. आमचे म्हणणे एवढेच आहे की, हा विचार चौथीपाशी थांबला, आणि जिथे तो सर्वांत अधिक लागू पडतो तिथवर पोचलाच नाही. सात-आठ वर्षांचे मूल रात्री नऊला पेंगू लागते आणि सुटीच्या दिवशीही सकाळी साडेसहाला घरभर नाचू लागते, हे कोणत्याही घरात दिसते. त्याच घरातील सोळा वर्षांचा मुलगा रात्री बारापर्यंत टक्क जागा असतो आणि रविवारी दहाच्या आत हलत नाही. धाकट्यासाठी नऊचा नियम झाला. थोरल्याचे कनिष्ठ महाविद्यालय मात्र सातला, कुठे सात-दहाला, कुठे सात-वीसला भरते. जानेवारीच्या मध्यावर मुंबईत सूर्योदय सव्वासातच्या सुमारास होतो. म्हणजे पहिल्या तासाची हजेरी अक्षरशः सूर्याच्या आधी घेतली जाते.

आम्ही दोघे मराठी शिकवतो. अकरावी-बारावीला आणि पदवीच्या वर्गांनाही. वैद्यक हा आमचा प्रांत नव्हे. पण सकाळचा पहिला तास गेली अनेक वर्षे आमच्या वाट्याला येत असल्याने (भाषेचे तास वेळापत्रकात उरलेल्या जागी बसवले जातात, हे जाणकारांना सांगायला नको) झोपलेल्या वर्गाचा अनुभव आमच्या गाठी भरपूर आहे. आमच्या शिकवण्याने वर्ग झोपतो, हा विनोद आम्हीही करतो. पण तोच वर्ग अकरानंतर घेतला की त्यात वेगळीच माणसे बसलेली असतात.

शरीरशास्त्र याविषयी काय सांगते, ते थोडक्यात मांडतो. आपल्या शरीरात एक घड्याळ आहे. त्याची रेणूंच्या पातळीवरची यंत्रणा उलगडणाऱ्या तिघा शास्त्रज्ञांना २०१७ चे नोबेल मिळाले. वयात येताना हे घड्याळ मागे सरकते. अंधार पडल्यावर शरीरात मेलॅटोनिन हे द्रव्य पाझरू लागते आणि झोपेची तयारी सुरू होते. किशोरवयात हे पाझरणेच उशिरा सुरू होते. शिवाय दिवसभराच्या जागेपणाने साठत जाणारा झोपेचा भारही या वयात सावकाश चढतो. अमेरिकेतील ब्राउन विद्यापीठाच्या मेरी कार्स्केडन यांनी १९९० च्या दशकातच हे दाखवून दिले होते. हे साल मुद्दाम ध्यानात ठेवावे, कारण पुढे मोबाइलचा विषय निघणार आहे. म्युनिकच्या टिल रोएनेबर्ग यांच्या अभ्यासानुसार हे मागे सरकणे साधारण विसाव्या वर्षापर्यंत चालू राहते आणि मग घड्याळ पुन्हा हळूहळू अलीकडे येऊ लागते. तेरा ते अठरा वयाला रोज आठ ते दहा तास झोप हवी, असे अमेरिकेतील निद्राविकारतज्ज्ञांच्या अकादमीने २०१६ साली सांगितले आहे. साडेअकराच्या आत ज्याला झोप लागणे अवघड आणि साडेपाचला ज्याला उठलेच पाहिजे, त्याची वजाबाकी वाचकांनीच करावी.

आता हे सातचे घड्याळ आले कुठून? विद्यार्थ्याच्या हिताचा विचार करून कोणी ते ठरवले, असे आम्हांला कुठे आढळले नाही. १९७० च्या दशकात १०+२+३ हा आकृतिबंध आला आणि अकरावी-बारावीचे वर्ग अनेक ठिकाणी आहे त्याच महाविद्यालयांच्या इमारतींत बसवावे लागले. एका इमारतीत दोन बिऱ्हाडे आली की पाण्याची वेळ वाटून घ्यावी लागते, तसे हे झाले. कुणाला सकाळ मिळाली, कुणाला दुपार. पुढे ती सोय रूढी झाली आणि रूढीला शिस्तीचे नाव मिळाले. माध्यमिक शाळांतही तेच. पाचवी ते सातवी दुपारी, आठवी ते दहावी सकाळी, ही वाटणी महाराष्ट्रात सर्रास आढळते. म्हणजे ज्यांना सकाळ सोसते ते दुपारी आणि ज्यांना सोसत नाही ते सकाळी. नव्या निर्णयाने धाकटी मुले नऊनंतर आली, की दोन सत्रांच्या इमारतीत मोठ्या मुलांना आणखी पहाटेकडे रेटले जाईल, अशी आम्हांला साधार भीती वाटते. खोल्या तितक्याच आहेत.

पण महाविद्यालयाची वेळ हा प्रश्नाचा अर्धाच भाग झाला. उरलेला अर्धा महाविद्यालय सुटल्यावर सुरू होतो. बारावीच्या विज्ञान शाखेतील मुलीचा दिवस पाहा. पहाटे साडेपाचला उठणे, सातला प्रात्यक्षिक, साडेबाराला घर, दोन ते सहा शिकवणी, वाटेत तास-दीड तास प्रवास, रात्री जेवण, मग शिकवणीचा गृहपाठ, आणि रविवारी टेस्ट सिरीज. कर्जत, कसारा किंवा विरारकडून मुंबईत येणाऱ्या मुलांचे उठणे याहून लवकरचे. लातूरची गोष्ट आणखी निराळी आहे. नांदेड, बीड, धाराशिव, परभणीकडची पंधरा-सोळा वर्षांची मुले तिथे खोली करून राहतात. डबा मेसचा, सोबत तितक्याच वयाच्या दुसऱ्या मुलाची, आणि कोपऱ्या-कोपऱ्यावर चोवीस तास उघड्या असणाऱ्या अभ्यासिकेची पाटी. दिवसाच्या शेवटी 'आता पुरे, झोप' असे म्हणणारे माणूसच त्या खोलीत नाही. पूर्वी शहरगावी शिकायला गेलेला मुलगा मामाकडे किंवा आत्याकडे राहत असे. तिथे त्याला दळणही आणावे लागे, पण दिवा कोणीतरी मालवत असे. केंद्रीय शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. सोळा वर्षांखालील मुलांना प्रवेश देऊ नये, वर्ग फार पहाटे किंवा फार उशिरा घेऊ नयेत, असे त्यांत म्हटले आहे. सूचना चांगल्या आहेत. अभ्यासिकेच्या पाट्या जागच्या जागी आहेत.

आम्ही भाषेची माणसे. त्यामुळे या सगळ्याकडे पाहताना आमचे लक्ष पुन्हा पुन्हा शब्दांकडे जाते. मराठीत 'मला झोप लागली' असे आपण म्हणतो. भूक लागते, तहान लागते, तशी झोप लागते. या वाक्यात कर्तेपण झोपेकडे आहे. माणूस चतुर्थीत, घेणाऱ्याच्या जागी बसलेला आहे. झोप ठरवून आणता येत नाही, ती यावी लागते, हे भाषेला पुरते ठाऊक आहे. पहाटेच्या झोपेला तर तिने 'साखरझोप' असे नाव दिले आहे. झोपेतील स्वप्नांचा जो भाग असतो तो रात्रीच्या उत्तरार्धात, त्यातही शेवटच्या प्रहरात एकवटलेला असतो, हे प्रयोगशाळेत कळायच्या कितीतरी आधी कोणा अनामिकाला त्या झोपेची गोडी वेगळी असल्याचे जाणवले होते. साडेपाचचा गजर नेमका हाच तुकडा कापून नेतो.

पण हीच भाषा विद्यार्थ्याशी बोलू लागली की तिचा सूर पालटतो. 'झोप'चे अनेकवचन फक्त रागवतानाच भेटते: 'इतका वेळ काय झोपा काढत होतास?' कुंभकर्ण, झोपाळू, एदी, सूर्यवंशी ही विशेषणे तयारच असतात. सुभाषितकारांनी विद्यार्थ्याची जी पाच लक्षणे सांगितली, त्यांत श्वाननिद्रा हे एक आहे. ते लक्षण शाळेच्या भिंतीवर रंगवलेले आम्ही पाहिले आहे, आणि त्याच भिंतीआड वर्ग पेंगत असतो. लवकर निजणाऱ्या-उठणाऱ्यास ज्ञान, आरोग्य आणि संपत्ती मिळते, ही म्हण तर आपण आपलीच मानून बसलो आहोत. ती इंग्रजीतून आलेली आहे आणि बेंजामिन फ्रँकलिनच्या पंचांगाने जगभर पोचवलेली आहे. आपल्याकडील जुनी ग्रंथसंपदा याबाबत अधिक समंजस होती, असे आमचे मत आहे. आयुर्वेदाने आहार आणि ब्रह्मचर्य यांच्या पंक्तीला निद्रेला बसवून त्या तिघांना शरीराचे उपस्तंभ म्हटले. गीतेच्या सहाव्या अध्यायात अति झोपणाऱ्याला आणि अति जागणाऱ्याला, दोघांनाही योग साधत नाही, असे सांगितले आहे. आपण त्यातला पहिला अर्धा तेवढा घेतला.

यात आधुनिक मराठी गद्याचाही वाटा आहे, असे आम्हांला वाटते. सुधारणेच्या शतकाने 'जागृती', 'जागर', 'प्रबोधन' हे शब्द आपल्या हाती दिले (केशव सीताराम ठाकरे यांच्या १९२१ साली निघालेल्या नियतकालिकाचे नावच 'प्रबोधन'), आणि त्यांच्या जोडीने 'निद्रिस्त समाज' हा शब्दप्रयोग आला. रूपक म्हणून ते समर्थ होते. त्याने काम केले. पण रूपक दीर्घकाळ वापरात राहिले की त्याचा शब्दार्थावर परिणाम होतो. झोप म्हणजे अज्ञान, जागरण म्हणजे तेज, हे समीकरण चरित्रपर धड्यांतून मुलांपर्यंत गेले. थोर पुरुष रात्र-रात्र जागून वाचत, हे प्रत्येक धड्यात असते. ते दुपारी थोडे लवंडत असतील, तर धडा लिहिणाऱ्याने ते वगळलेले असते. कोजागरी, जागरण-गोंधळ, एकादशी या आपल्या जागण्याच्या रात्री मोजक्या आणि नेमलेल्या होत्या. बारावीचे वर्ष मात्र तीनशे पासष्ट रात्रींचे असते.

पाठ केलेले पहाटे पक्के बसते, ही समजूतही अशीच घट्ट आहे. १९२४ साली कॉर्नेल विद्यापीठात जेंकिन्स आणि डॅलनबाख या दोघांनी विद्यार्थ्यांना निरर्थक अक्षरे पाठ करायला लावून पाहिले, की पाठांतरानंतर झोपलेल्याला ती अधिक आठवतात. जागे राहिलेल्याला कमी. त्यानंतरच्या शंभर वर्षांत या गोष्टीला भरपूर पुष्टी मिळाली आहे. शिकलेले मुरायला झोप लागते. लोणच्याला जसे दिवस लागतात, तसे. झोपेतून वेळ काढून केलेला अभ्यास म्हणजे एका खिशातले दुसऱ्या खिशात. वाटेत काही सांडते, ते वेगळेच.

इथवर आम्ही अभ्यासाविषयी बोललो, कारण पालक तेवढेच ऐकतात. खरी काळजी निराळी आहे. निद्रानाश हे नैराश्याचे लक्षण आहे, हे सर्वांना ठाऊक असते. तो नैराश्याच्या आधीही येतो, हे फारसे ठाऊक नसते. नैराश्य नसलेल्या पण झोप न लागणाऱ्या माणसांना पुढे नैराश्य येण्याचा संभव सुमारे दुप्पट असतो, असे अनेक अभ्यास एकत्र करून २०११ साली दाखवले गेले. किशोरवयीनांविषयी २०१० साली प्रसिद्ध झालेला एक अमेरिकी अभ्यास आम्हांला अधिक बोलका वाटतो. पंधरा हजारांहून अधिक मुलांच्या त्या पाहणीत, ज्यांच्या आईवडिलांनी झोपायची वेळ रात्री बारा किंवा त्यानंतरची ठरवली होती, त्यांच्यात नैराश्याचे प्रमाण, दहापर्यंत झोपवल्या जाणाऱ्या मुलांपेक्षा २४ टक्क्यांनी आणि आत्महत्येच्या विचारांचे प्रमाण २० टक्क्यांनी अधिक आढळले. अशा आकड्यांवरून एकाने दुसरे घडवले, असे सरळ म्हणता येत नाही. मन अस्वस्थ असले की झोप जाते आणि झोप गेली की मन अस्वस्थ होते, हे चक्र कुठूनही सुरू होऊ शकते. पण त्यातली झोप ही बाजू तरी आपल्या हातातली आहे, आणि ती तोडायला घड्याळाखेरीज काही लागत नाही.

राष्ट्रीय गुन्हे नोंदणी विभागाच्या अहवालानुसार २०२२ साली देशात १३,०४४ विद्यार्थ्यांनी आत्महत्या केल्या, आणि राज्यनिहाय यादीत महाराष्ट्राचे नाव पहिले होते. या मृत्यूंची कारणे अनेक असतात आणि कोणत्याही एका मृत्यूचे कारण झोपेत शोधणे हे क्रूर आणि चुकीचे ठरेल. पण याबाबत होणारे उपाय पाहिले म्हणजे मन खट्टू होते. ऑगस्ट २०२३ मध्ये राजस्थानातील कोटा येथे वसतिगृहांच्या पंख्यांना स्प्रिंग बसवण्याचा आदेश निघाला. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी पंधरा बंधनकारक सूचना दिल्या. त्यांत समुपदेशक नेमण्याची आहे, गुणांवरून तुकड्या न पाडण्याची आहे, आणि पंख्यांचीही आहे. साधने दूर ठेवल्याने जीव वाचतात, हे खरेच आहे, आणि त्या सूचना अमलात याव्यात, यासाठी आम्हीही आमच्या परीने भांडू. मात्र त्या पंख्याखाली झोपणारे मूल किती वाजता झोपते, हे विचारायला अद्याप कोणी सांगितलेले नाही.

वर्गात हे सगळे फार साध्या रूपात समोर येते, म्हणूनच निसटते. मुलगा मागच्या बाकावर सरकतो. पहिल्या तासाची त्याची हजेरी गळू लागते. चिडका होतो, किंवा अगदी गप्प. उत्तरपत्रिकेत वाक्ये अर्धी राहतात. शिक्षक खोलीत त्याच्याविषयी 'लक्ष नाही हो त्याचे' असे उद्गार निघतात आणि विषय संपतो. आळस, नैराश्य आणि निव्वळ अपुरी झोप, ही तिन्ही बाकावर सारखीच दिसतात. त्यांतला फरक पाहायचा तर विचारावे लागते. मुलांना 'तुला काही टेन्शन आहे का?' असे विचारले की 'नाही सर', 'नाही मॅडम' हे उत्तर ठरलेले असते. 'झोप लागते का रे?' या प्रश्नाला मात्र ती खरे उत्तर देतात, असा आमचा अनुभव आहे. हा प्रश्न लाजिरवाणा नाही. घरी आजी विचारते तसा तो आहे. त्या उत्तरात महिना-महिना झोप नसल्याचे, पहाटे तीनला जाग येऊन मग छताकडे पाहत पडण्याचे, 'उठूच नये असे वाटते' असे काही आले, तर ते ऐकून सोडून द्यायचे नसते. केंद्र सरकारची 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा ऑक्टोबर २०२२ पासून १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य चालू आहे आणि तिथे मराठीत बोलता येते. आम्ही तो क्रमांक फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवतो. तो पुसला जातो. पुन्हा लिहितो.

आता मोबाइल. या विषयावर बोलताना कोणीही पहिल्या मिनिटात मोबाइलवर येतो आणि तिथेच थांबतो. मोबाइल झोप खातो, यात शंका नाही. रात्री तो बाहेरच्या खोलीत ठेवावा, आणि आईवडिलांनीही ठेवावा. पण कार्स्केडन यांचे निष्कर्ष आले तेव्हा मुलांच्या उशाशी मोबाइल नव्हता. किशोरवयाचे घड्याळ मोबाइलने मागे नेलेले नाही. मागे गेलेल्या घड्याळाच्या रिकाम्या तासांत मोबाइल येऊन बसला आहे. 'आमच्या काळी आम्हीही पहाटे उठत होतो' असे म्हणणाऱ्यांना आमचे एकच विचारणे आहे: रात्री किती वाजता झोपत होतात, आणि दुपारी शिकवणी होती का?

वेळ बदलली तर मुले आणखी उशिरा झोपतील, हा आक्षेप अधिक विचारार्ह आहे. त्याचे उत्तर सिॲटलमध्ये मिळाले. तिथे २०१६ साली शाळा ७.५० ऐवजी ८.४५ ला भरू लागल्या. मुलांच्या मनगटावर यंत्र बांधून मोजले तेव्हा रोजची झोप सरासरी ३४ मिनिटांनी वाढलेली निघाली. मिळालेला सगळा वेळ झोपेला गेला नाही, पण निम्म्याहून अधिक गेला. कॅलिफोर्नियाने २०१९ साली कायदाच केला आणि जुलै २०२२ पासून तिथल्या माध्यमिक शाळा बहुतांशी साडेआठच्या आत भरत नाहीत. तिथल्या शाळांना सहसा आपापली इमारत असते, आपल्याकडे अनेकदा नसते, हे आम्ही जाणतो. इथे दुपारची पाळीही कोणाची तरी आहेच. आणि पदवीच्या मुलांना सकाळी आणून बसवावे, तर त्यांचे वयही घड्याळ सर्वांत मागे असण्याचेच आहे.

तरीही सगळेच खोल्यांवर अडलेले नाही. आमच्या महाविद्यालयात जूनमध्ये वेळापत्रक समितीची बैठक असते. त्या बैठकीत आम्ही तीन गोष्टी मांडणार आहोत. अकरावी-बारावीचा पहिला तास सातऐवजी आठला असावा आणि मधल्या दोन सुट्या मिळून एक करावी. दिवस त्याने फार तर अर्धा-पाऊण तास लांबतो. चाचण्या आणि तोंडी परीक्षा दहाच्या आत घेऊ नयेत. पहिल्या तासाच्या अनुपस्थितीवरून पालकांना पत्र धाडण्याआधी वर्गशिक्षकाने मुलाशी एकदा बोलावे. पहिल्या मागणीला पदवी विभागाचा विरोध होईल, कारण पाऊण तास त्यांच्या सत्रातून जाईल. दुसरीला परीक्षा विभाग पर्यवेक्षकांची अडचण सांगेल. तिसरीला खर्च नाही, म्हणून ती बहुधा मंजूर होईल, आणि आम्ही तिच्यापासून सुरुवात करू.